नीलम म्याडमचं स्थळ

आमच्या ह्यायले लग्नं जुळवायची खोड हाये. हे तिले समाजसेवा म्हणतेत, म्या आजवर कधी म्हणलं नाई. श्रावण तायडे, एसटीतले रिटायर कंडक्टर. सारी नोकरी अमरावती-अकोला लाइनवर काढली. तिकीट फाडता फाडता कोणाच्या घरात कोण लग्नाचं हाये ते ह्यायले बरोबर समजे. बडनेऱ्याले माणूस गाडीत चढला, का मूर्तिजापूर येईपर्यंत त्याची पोरगी किती शिकली, मामाचं गाव कोणतं, पोराले तंबाखू-खर्ऱ्याचा नाद हाये का, सारं ह्यायच्या डोक्शात. एका मास्तरनं तर बोरगाव मंजूच्या स्टॉपवर उतरून, उभ्या उभ्या ह्यायच्याशी बोलत पोरीचं लग्न पक्कं केलं. गाडी सुटल्यावर समजलं, का त्याची बायको गाडीतच राह्यली.

अन् दुनियेची लग्नं लावून देणाऱ्या माणसाचा सोताचा पोरगा मातर बिनलग्नाचा. सुगत आमचा. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत सुपरवायझर हाये, पस्तिशीले टेकला. कारण एकच, ह्यायले एक बी पोरगी पसंत पडत नाई. एकीचा बाप कमी बोलते, एकीचा बाप लई बोलते. एका ठिकाणी चहात साखर कमी होती म्हणून उठून आले. म्या म्हणलं, "तुमी सून पाहून राहिले का हॉटेल?" तर मलेच म्हणतेत, "ललिता, तुले यातलं समजत नाई." मले पसंत करताना ह्यायनं कोणती हुशारी लावली होती, ते काही सांगितलं नाई.

तर असा हा माणूस. झोपेत बी गप्प बसत नव्हता. मागच्या दसऱ्याच्या आधी पोटात दुखायले लागलं, तपासण्या झाल्या, अन् डॉक्टरनं सांगितलं, आतड्याचा क्यान्सर. आपरेशन अमरावतीलेच झालं, चांगलं झालं. मंग केमोचे सलाईन सुरू झाले. डॉक्टर म्हणे, सारे घेतले तर गुण यायची आशा चांगली हाये, पण मधात सोडायचं नाई.

दोन घेतले अन् ह्यायनं मधातच सोडलं. भांडण नाई, तंटा नाई. एक दिवस भिंतीकडं तोंड केलं अन् म्हणाले, "आता मी जात नाई." तेवढंच. मंग बोलणंच बंद. फोन वाजे, कोणी तरी पोराचं नाईतर पोरीचं इचारे, हे फोन उलटा करून ठेवत. वरणाचे दोन घोट घेत अन् ताट सरकवत. झोप तर नावालेच. डॉक्टरनं मले सांगितलं, थोडे दिवस इकडं-तिकडं चालतीन, पण लई लांबवलं तर आपरेशन करून काय फायदा. ते म्या घरी येऊन सांगितलं, सुगतनं सांगितलं, भिंत ऐकत होती. सारी जिंदगी म्या ह्यायले "जरा गप्प बसा" म्हणत आली, अन् आता गप्प बसले तर घर खायले उठलं.

त्यात भेटायले येणारे. आपल्याकडं माणूस बिमार पडला, का त्याले भेटायले गेलंच पाह्यजे, नाई गेलं तर जन्माचा रुसवा. आता या, पण तोंड घरी ठेवून या. अकोल्याहून माही नणंद मैनाबाई आली, संत्री घेऊन. भावाच्या पलंगावर बसली, एक संत्रं सोललं अन् म्हणाली, "दादा, तू काही भेऊ नको. आमच्या गल्लीत एकाले हेच झालं होतं. तुह्यासारखाच गडी. असाच पलंगावर बसला होता, माह्याशी बोलला, चहा पेला." अन् थांबली. हे इतक्या दिवसानं पहिल्यांदा बोलले, "मंग?"

मैनाबाईनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मंग काय. गेला."

ते संत्रं म्या तिच्या हातातून काढून घेतलं.

दुसरे आमचे शेजारी नत्थुजी. ते रोज सकाळी येत, दारातूनच म्हणत, "काही होत नाई तुमाले. पॉझिटिव्ह राहा." हे एका दिवशी म्हणाले, "कसं राहू ते सांगा." नत्थुजीले तेवढं माहीत नव्हतं, ते घरी निघून गेले. पण खरं सांगू का, मी बी दिवसभर तेच म्हणत होती. काही होत नाई. सुगत कामावर जाताना तेच म्हणे. अन् आमी तसं म्हणलं, का हे भिंतीकडं आणखी सरकत. भिंत संपत नव्हती म्हणून बरं.

शेवटी मी एकटीच दवाखान्यात गेली अन् डॉक्टरपुढं बसली. डॉक्टर म्हणाले, "काकू, हा नुसता हट्ट नाही. अशा आजारात पुष्कळ पेशंटचं असं होतं. भीती बसते, मन उतरतं, खाणं आणि झोप जाते. त्याचाही इलाज असतो. आमच्याकडे नीलम मॅडम आहेत, समुपदेशक. दर शुक्रवारी बसतात. काकांना आणा."

घरी येऊन सांगितलं, तर हे ताडकन उठून बसले. "मले येडा समजली का?"

"येडा कोण म्हणते? बोलायले जायचं हाये."

"बोलायले दवाखान्यात जातेत का कोणी? लोकं म्हणतीन, तायड्याच्या पोटातून डोक्शात गेला." अन् पुन्हा भिंत.

आता मले सांगा, अशा माणसाले पलंगावरून उठवन असं दुनियेत काय हाये? सिनेमा नाई, मटण नाई, नात्यातलं लग्न बी नाई. एकच गोष्ट हाये. माह्या तोंडातून निघून गेलं, "नसन जायचं तर नका जाऊ. म्या तर सुगतसाठी म्हणत होती."

भिंतीकडचं डोकं हाललं. "काय सुगतसाठी?"

"ते नीलम म्याडम. आपल्यातलीच हाये म्हणते. लग्नाची हाये. शिकेल हाये, बोलायले चांगली हाये. म्हणलं, तुमी पेशंट म्हणून जाऊन बसले, तर तिले समजणार बी नाई अन् तुमचं पाहणं होऊन जाईन."

म्या त्या पोरीले डोळ्यानं पाह्यलं नव्हतं. गाव माहीत नाई, समाज माहीत नाई, लग्नाची हाये का लेकुरवाळी ते बी माहीत नाई. पण बोलून बसली.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. ह्यायनं दाढी केली. केस इरळ झाले होते, त्यावर टोपी घातली. इस्त्रीचा शर्ट काढला. पँट ढिला झाला होता तर पट्ट्याले खिळ्यानं नवीन भोक पाडलं. ऑटोत बसल्यावर मले म्हणतेत, "तू बाहेर बस. पोरीशी एकट्यानं बोला लागते. चार माणसं असली, का पोरी खरं सांगत नाई." एवढं लांब वाक्य म्या महिन्याभरात ऐकलं नव्हतं. मले हासू आलं, ते म्या पदरात दाबलं.

हे आत गेले, दार लागलं, अन् मी बाहेर बाकड्यावर जीव मुठीत धरून बसली. वाटलं, आता बाहेर येतीन अन् सर्व्यापुढं माही इज्जत काढतीन. बऱ्याच वेळानं बाहेर आले. डोळे लालभडक.

"काहून हो, डोळे काहून लाल?"

"आत पंखा जोरात हाये."

"अन् पोरगी?"

"एका बैठकीत पोरगी समजते का? पुढच्या शुक्रवारी बोलावलं."

मंग दर शुक्रवारी आमची बैठक. मी दर वेळी इचारी, "कशी हाये?" एकदा म्हणाले, "ऐकते चांगली. अशी ऐकणारी पोरगी म्या अख्ख्या लाइनवर पाह्यली नाई." म्या म्हणलं, "अन् स्वयंपाकाचं?" म्हणे, "ते इचारायचं राह्यलंच." माह्या जिवाले घोर, का हे आता पक्कं करून टाकतीन तर मी काय करू. पण घरात फरक दिसून राहिला होता. तिनं सांगितलं म्हणून संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत फिरायले जायले लागले. तिनंच दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरले दाखवलं, त्यायनं एक गोळी सुरू केली, ती बी घ्यायले लागले. म्या म्हणलं, "माह्या हातची गोळी तर थुंकून देत होते." म्हणतेत, "पोरीकडच्यायचं मन राखा लागते." एका दुपारी सोताहून म्हणाले, "पातोडीची भाजी कर." म्या गॅससमोर उभी राहून रडली, अन् भाजीत तिखट दोनदा पडलं. सारी खाल्ली.

पण सलाईनचं नाव काढलं, का तोंड बंद. "आधी पोरगी पाहणं होऊ दे," म्हणत. डॉक्टरचा फोन येई, मी काही तरी सांगून वेळ मारून नेई.

अन् मंग मैनाबाई मधात पडली. ह्यायनं फोनवर तिले सांगितलं, सुगतसाठी दवाखान्यातली पोरगी पाहून राहिलो. मैनाबाईच्या पोटात गोष्ट राहते कुठं? तिनं सुगतले फोन केला. पुढच्या शुक्रवारी पोट्टा कंपनीतून सुट्टी घेऊन दवाखान्यात हजर. निळा शर्ट, नवीन बूट, अन् अत्तर एवढं, का बाकड्यावरचे एक बाबा उठून खिडकीजवळ गेले. मले म्हणते, "आई, मी फक्त दुरून पाहतो." हे तेवढ्यात चहाले गेले होते. मी सरळ नीलम म्याडमच्या खोलीत घुसली.

चष्म्याची, बारीकशी बाई. म्या दम बी घेतला नाई. "म्याडम, मले माफ करा, मी खोटं बोलली. तुमी लग्नाच्या हाये म्हणून सांगून ह्यायले इथं आणलं, अन् आता माहा पोट्टा अत्तर लावून बाहेर उभा हाये."

ती चष्मा काढून हासायले लागली. "काकू, काकांनी पहिल्या दिवशी बसल्या बसल्याच विचारलं, लग्नाची आहेस का. मी सांगितलं, लग्न झालंय, मुलगी दुसरीत आहे."

"मंग?"

"मग काका म्हणाले, बरं झालं बेटा, म्हंजे आता तुह्यापुढं रडलं तर चालन."

मले कसं सांगू काय झालं ते. आधी राग आला. इतके शुक्रवार हा माणूस मले येड्यात काढून राहिला होता, पोरगी ऐकते चांगली म्हणे. अन् मंग त्या रागातच मी समोरच्या खुर्चीवर बसली. माह्यापुढं रडला नाई हा माणूस. घरच्या घरी रडला नाई, त्याले ऑटो करून इथं या लागलं. म्या इचारलं, "काय बोलतेत ते आत?"

"ते मी नाही सांगणार, ते त्यांचं आहे. आणि तुम्ही इथे येऊन मला हे सांगितलंत, हेसुद्धा त्यांच्या कानावर घालीन," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारा त्यांना. आणि ते सांगायला लागले, की 'काही होत नाही' असं म्हणू नका. तेवढं म्हटलं, की माणसाला पुढे बोलता येत नाही."

"मंग काय म्हणू?"

"काही नाही म्हटलं तरी चालेल."

मले बाई आजवर कोणत्याच डॉक्टरनं एवढं कडू औषध दिलं नव्हतं.

बाहेर येऊन म्या सुगतले सांगितलं, बाबू, पोरीची पोरगी दुसरीत हाये. ह्यायची बैठक झाल्यावर घरी येताना ऑटोत फक्त अत्तर बोलत होतं.

संध्याकाळी आमी दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. म्या म्हणलं, "तुमाले पहिल्याच दिवशी माहीत होतं."

ह्यायचा हात थांबला नाई. "म्याडमनं सांगितलं मले, तू आली होती म्हणून. तुले तर माहीतच होतं, का ते लग्नाची नाई."

"मले काहीच माहीत नव्हतं. म्या अंदाजे बोलली."

"मंग तू माह्याहून जास्त खोटारडी हाये," म्हणाले, अन् हासले. किती दिवसानं हासले. त्या हासण्याचा आधार घेऊन म्या इचारलं, "भेव वाटते का तुमाले?"

हातातली शेंग सोलून झाली. मंग म्हणाले, "मरायचा तेवढा नाई वाटत, ललिता. म्या इतक्या सोयरिकी केल्या. प्रत्येक घरात लोकं एक गोष्ट इचारतेतच, घरात काही मोठी बिमारी हाये का. अन् हाये म्हणलं, का पोरीचा बाप चहाचा कप खाली ठेवते. मंग उचलत नाई. म्या डोळ्यानं पाह्यलं हाये. आता माह्या पोराच्या वेळेले बी पोरीचा बाप तो कप खाली ठेवीन, माह्यापायी. दोन वर्षं दवाखाना कराचा, टक्कल घेऊन फिराचं, गावानं पाहाचं. त्यापक्षा सलाईन नाई घेतलं तर लवकर निपटीन. वरीसभरात लोकं भुलतीन. मंग सुगतचं होऊन जाईन."

माह्या जिभेवर आलं होतं, काही होत नाई तुमाले. म्या जीभ दातात धरली. खरंच धरली, दुखलं. शेंगांचं टोपलं बाजूले केलं, त्यायच्याजवळ सरकली, अन् आमी दोघं तिथंच रडलो. नत्थुजी कुंपणापर्यंत आले होते, पाहून परत गेले. त्यायचं ते पहिलं शहाणपणाचं काम. म्या ह्यायले फक्त एवढं म्हणलं, "मले सून नाई आली तरी चालन. तुमी पाह्यजे." ह्यायनं शेंगांचं टोपलं पुन्हा मधात ओढलं.

त्याच आठवड्यात मैनाबाईचा फोन. दवाखान्याच्या पोरीची भरपाई म्हणून तिनं अकोल्यातलंच एक स्थळ काढलं होतं. भावना नावाची पोरगी, कृषी विद्यापीठात नोकरीले, बाप नाई, आई हाये. "फक्त एक लक्षात ठेवा," मैनाबाई म्हणाली, "म्या त्यायले सांगून ठेवलं, दादाले टायफाइड झाला होता, म्हणून वाळला." म्या काय सांगू, मी बी हो म्हणली. पोराची माय हावो मी. एसटीत बसल्यावर म्या ह्यायले हळूच म्हणलं, "टायफाइड." हे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "हं."

भावनाची आई सुभद्राबाई, अंगावर शाल घेऊन बसली होती. बोलायले गोड. चहा-बिस्किट आलं, चिवडा आला. भावना समोर बसली, सुगतनं यावेळी अत्तर लावलं नव्हतं. सुभद्राबाईनं ह्यायले इचारलं, "तब्येत कशी हाये आता, दादा? टायफाइड माणसाले पार खाऊन टाकते." मैनाबाई बाजूले बसून मान हालवत होती.

"टायफाइड नाई, बाई," हे म्हणाले. "क्यान्सर हाये. आतड्याचा. आपरेशन झालं."

मैनाबाईचं बिस्किट चहात पडलं. सुगतनं डोळे मिटले. म्या मनात म्हणलं, झालं, आता पिशवी उचला. सुभद्राबाई पोरीकडं पाहे, शालीचा काठ ओढे. शेवटी भावनाच म्हणाली, "आई, सांग ना."

"माही बी गाठ काढली," सुभद्राबाई म्हणाली. "छातीची. सलाईन चालू हाये. मैनाबाईले आमी सांगितलं, मी भावाकडं राह्यले गेली होती म्हणून. पोरीचं लग्न व्हायचं हाये ना."

दुनियेच्या बिमाऱ्या तोंडपाठ असणारी माही नणंद. दोन गल्ल्या सोडून हे घर, अन् तिले पत्ता नाई. तिनं तोंड उघडलं, मी समोरच बसली होती, म्या तिच्याकडं असं पाह्यलं, का तिनं ते चिवड्यानं बंद केलं.

ह्यायनं आपली खुर्ची सुभद्राबाईकडं सरकवली. "भेव वाटते का, बाई?"

"नाई," ती म्हणाली.

हे काही बोलले नाई. नुसते बसून राह्यले. माह्या जल्मात म्या ह्यायले असं थांबून राह्यलेलं पाह्यलं नव्हतं. मंग तिचा बांध एकदम फुटला अन् ती म्हणाली, "लई वाटते, दादा. पोरीपुढं बोलताच येत नाई." भावना उठून आईजवळ खाली बसली.

मंग ते दोघं जे बोलायले लागले. थंड पाण्यात हात घातला, का बोटाले मुंग्या येतेत. तोंडाले लोखंडाची चव राहते. सलाईनच्या आदल्या दिवशीच पोट ढवळते. नीलम म्याडमचं बी सांगून झालं, अन् तुमच्या दवाखान्यात अशी कोणी हाये का ते इचारा म्हणून बी. सुगत अन् भावना आपापल्या मायबापाकडं पाहत बसले होते. लग्नाची गोष्ट त्या दिवशी निघालीच नाई. चिवडा मातर सारा संपला, मैनाबाईनं संपवला.

निघताना आमी दारात चपला घालत होतो. सुभद्राबाई म्हणाली, "दादा, तुमचं पुढचं सलाईन कधी हाये?"

माहा हात चपलेवरच थांबला. सुगत बी थांबला.

"मंगळवारी," हे म्हणाले. "म्या सकाळी डॉक्टरले फोन केला. भेव तर वाटतेच, पण जातो."

मले त्यायनं सांगितलं नव्हतं. म्या तिथंच, लोकायच्या दारात, एक चप्पल पायात अन् एक हातात घेऊन, रडायले लागली.